गाडी खेचतो म्हणून जाड ऑइल? गॅरेज टाकायच्या आधी हे एकदा समजून घ्या

इंजिन ऑइलच्या व्हिडिओत वेळ कमी पडला. डब्यावरचे आकडे दाखवले, पण ते गाडीला कसे लावायचे हे नीट सांगता आलं नाही. ते इथे लिहितोय. ज्यांना छोटं गॅरेज, ऑइल चेंजचं शटर किंवा स्पेअर पार्ट्सचं काउंटर टाकायचं आहे त्यांनी सावकाश वाचा. यात एक हिशेब गाडीचा आहे आणि एक तुमच्या गल्ल्याचा.

आधी एक किस्सा. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने उस्मानपुऱ्यात शटर घेतलं. शासकीय तंत्रनिकेतन जवळ, देवगिरी कॉलेज जवळ, त्यामुळे पोरांच्या गाड्या आणि बाइक भरपूर. जागा चांगलीच निवडली होती. हाताला काम होतं, गिऱ्हाइकाशी बोलणं गोड. दुसऱ्याच महिन्यात एक तरुण जुनी होंडा सिटी घेऊन आला. २०१० सालची, आय-व्हीटेक. म्हणाला, "भाऊ, मी गाडी खेचतो. प्रत्येक गिअरला काटा लाल पट्टीपर्यंत नेतो. पातळ ऑइल टिकणार नाही, एकदम जाड टाका." आमच्या पठ्ठ्याने २०डब्ल्यू-५० टाकलं. गिऱ्हाईक खूश, बिल झालं, चहा झाला.

डिसेंबर होता. आठवड्याभरात गाडी परत आली. सकाळी स्टार्ट केली की काही सेकंद टॅपेटचा टकटक आवाज. वरच्या आरपीएमला जो झटका बसायचा तो उशिरा आणि मिळमिळीत. ॲव्हरेज पण उतरलं. ऑइल काढलं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं भरलं, फिल्टर नवा, व्हीटेकच्या सोलेनॉइडची जाळी साफ केली. गाडी ठीक झाली. दोन हजारांच्या वर पैसे खिशातून गेले, पण ते जाऊ द्या. त्या पोराचा गाडीवाल्यांचा ग्रुप होता, आणि त्या ग्रुपमधून पुढचे तीन महिने एकही गाडी आली नाही. नवीन धंद्याला तीन महिने म्हणजे काय, हे भाडं भरणाऱ्याला विचारा.

गंमत बघा, चूक एकट्या गिऱ्हाइकाची नव्हती. "जोरात चालवतो म्हणजे जाड ऑइल" हे आपल्याकडे बहुतेक मिस्त्री सांगतात. जुन्या इंजिनांच्या काळात त्यात तथ्यही होतं. मग आता ते का चालत नाही?

इंजिन वर फिरतं तेव्हा आत काय होतं

त्याच सिटीचं गणित करू. तिच्या पिस्टनचा स्ट्रोक ८९.४ मिलिमीटर. पूर्ण ताकद, म्हणजे ११८ पीएस, ६६०० आरपीएमला मिळते. ६६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ११० फेऱ्या. प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर, एकदा खाली. सरासरी वेग निघतो सेकंदाला १९.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७१ किलोमीटर. आणि या वेगात तो सेकंदाला २२० वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो! शेजारी स्विफ्ट डिझेलचं १३०० सीसी इंजिन ठेवा. स्ट्रोक ८२ मिलिमीटर, पण पूर्ण ताकद ४००० आरपीएमलाच. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ११ मीटरच्या आत राहतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आरपीएम दुप्पट केला की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडच्या वजनाने बेअरिंगवर येणारा झटका दुप्पट होत नाही, चौपट होतो. तीन हजारावर जे इंजिन निवांत असतं त्याला सहा हजारावर चौपट ओढ सोसायची असते. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये फक्त ऑइलचा एक पापुद्रा असतो. लोखंड लोखंडाला लागत नाही ते त्या पापुद्र्यामुळे. तो फाटला की बेअरिंग गेलं, आणि बेअरिंग गेलं की इंजिन खोलावं लागतं.

इथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल, मग पापुद्रा जाडच हवा ना? थांबा. ऑइलला दुसरीही कामं आहेत. बेअरिंगमधून सतत वाहत राहून त्याला तिथली उष्णता बाहेर न्यायची असते. जाड ऑइल बारीक फटीतून कमी वाहतं, आतल्या आत घासून स्वतःच तापतं, आणि पंपाची ताकद खातं. शिवाय व्हीटेकसारख्या इंजिनात ऑइल हे नुसतं वंगण नसतं, ते हातपाय हलवण्याचं काम करतं. ठरावीक आरपीएमनंतर ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात. त्या पिनपर्यंत जाणारी वाट सुतळीपेक्षा फार मोठी नसते. थंड आणि जाड ऑइल तिथे रेंगाळणारच. त्या पोराच्या गाडीचा झटका उशिरा का येत होता ते कळलं का आता?

किती जाड ऑइल लागणार हे आरपीएमपेक्षा बेअरिंगमधली फट ठरवते, आणि ती फट इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेली असते. याचं एक उदाहरण मला फार आवडतं. होंडाची एस-२००० नावाची दोन सीटची गाडी होती. तिचं पहिलं दोन लिटरचं इंजिन नऊ हजार आरपीएमच्या जवळ जायचं. तिला कंपनीने सांगितलेलं ऑइल १०डब्ल्यू-३०. त्याच काळातली बीएमडब्ल्यूची एम-३ आठ हजारापर्यंत जायची, तिला सांगितलेलं १०डब्ल्यू-६०. जास्त फिरणाऱ्या इंजिनाला निम्म्या आकड्याचं ऑइल! दोन्ही कंपन्या आपापल्या जागी बरोबर, कारण दोघांनी इंजिन वेगळं बांधलं. तेव्हा तुमच्या काउंटरवर कोणी "रेडलाईनला नेतो" म्हणाला, तर त्या वाक्यावरून ग्रेड ठरत नाही. ग्रेड मॅन्युअलवरून ठरतो. त्या वाक्यावरून दुसरं काहीतरी ठरतं, ते पुढे सांगतो.

डबा वाचायचा कसा

५डब्ल्यू-३० घ्या. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा थंड ऑइल किती सहज हलतं ते सांगतो. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशावर होते, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे दहा अंश झालं की आपण दोन स्वेटर घालतो, मग हा आकडा आपल्या कामाचा नाही असं वाटेल. तसं नाही. दहा अंशावरही २०डब्ल्यू ऑइल ५डब्ल्यूपेक्षा बरंच दाट असतं, आणि स्टार्टनंतर ऑइल वर कॅमपर्यंत पोचायला लागणारे ते काही सेकंद इंजिनाच्या झिजेचे असतात.

नंतरचा आकडा, म्हणजे ३०, हा १०० अंश तापलेल्या ऑइलचा दाटपणा. २० पातळ, ३० मध्यम, ४० त्याहून दाट, असं पुढे. आपल्या मे महिन्याच्या चाळीस-बेचाळीस अंशाला घाबरून हा आकडा वाढवायचा नसतो. बाहेर चाळीस असो की वीस, तापलेल्या इंजिनात ऑइल शंभराच्या आसपास असतं. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट ठीक असतील तर उन्हाळ्याची काळजी ते घेतात.

आता जे बहुतेक काउंटरवाल्यांना माहीत नसतं ते सांगतो. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे शेजारी ठेवले तरी आतली ऑइलं वेगळी असू शकतात. कारण शंभर अंशावर शांतपणे मोजलेला दाटपणा एक, आणि बेअरिंगमध्ये जोरात घासलं जाताना उरलेला दाटपणा दुसरा. या दुसऱ्या मापाला एचटीएचएस म्हणतात. दीडशे अंश तापमान आणि प्रचंड वेगाने घासणं, अशा हालतीत ते मोजतात. हाय-रेव्हिंग इंजिनासाठी खरं महत्त्वाचं माप हेच. साध्या ३० ग्रेडला ते कमीत कमी २.९ असावं लागतं, २० ग्रेडला २.६, आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५. पण डब्यावर एसीईए ए३/बी४ किंवा सी३ लिहिलं असेल, तर ग्रेड ३० असला तरी माप किमान ३.५ लागतं. म्हणजे एक ५डब्ल्यू-३० हे २.९ च्या घरातलं, मायलेजसाठी बनवलेलं, आणि दुसरं ५डब्ल्यू-३० हे ३.५ चं, गरम आणि वेगात चालणाऱ्या युरोपियन इंजिनांसाठी बनवलेलं. गिऱ्हाइकाने "फाईव्ह डब्ल्यू थर्टी द्या" म्हटल्यावर तुम्ही रॅकवरून हाताला येईल तो डबा काढून दिला, तर काम अर्धवट झालं.

म्हणून डब्याची मागची बाजू वाचायची सवय लावा. तिथे एपीआयचा गोल शिक्का असतो. पेट्रोलसाठी अक्षर एस पासून सुरू: एसएन हे २०१० चं, एसपी २०२० चं. पुढचं अक्षर नवीन, आणि साधारणपणे नवीन ऑइल जुन्या पेट्रोल गाडीला चालतं. त्याखाली गाडी कंपन्यांची मान्यता: फोक्सवॅगन-स्कोडाची ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ००, मर्सिडीजची २२९.५, बीएमडब्ल्यूची एलएल-०१, एलएल-०४. इथे शब्द नीट बघा. "अप्रूव्हड" लिहिलंय, की "या गाड्यांसाठी योग्य" असं काहीतरी गोलमोल लिहिलंय? पहिल्यात गाडी कंपनीने तपासून मान्यता दिलेली असते. दुसऱ्यात ऑइल कंपनी स्वतःच स्वतःबद्दल बोलत असते. ते ऑइल वाईट असेलच असं नाही, पण गाडी वॉरंटीत असेल तर ही रिस्क तुम्ही घेऊ नका.

आणि "फुल्ली सिंथेटिक" या शब्दावर फार भाळू नका. हाय-रेव्हिंग गाडीला सिंथेटिकच टाकावं हे मी पण सांगतो, उष्णतेत ते जास्त टिकतं. पण सिंथेटिक हा शब्द ग्रेडची किंवा मान्यतेची जागा घेत नाही. चुकीच्या ग्रेडचं महागडं सिंथेटिक हे चुकीचंच ऑइल.

टर्बो गाड्यांचं वेगळं प्रकरण

आजकाल पोरं "हाय-रेव्हिंग" म्हणत एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या घेऊन येतात. यात इंजिन सहा हजारावर जात असेल, पण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर, कधी दोन लाखांपर्यंत फिरतो, आणि त्याला उचलून धरतं तेच ऑइल. गाडी पळवून आणली आणि तडक बंद केली की तिथलं ऑइल तापलेल्या टर्बोत अडकून करपतं. गिऱ्हाइकाला सांगा, पळवून आल्यावर शेवटचा एखादा किलोमीटर निवांत चालव, नाहीतर मिनिटभर आयडलवर ठेव.

याच इंजिनांत आणखी एक दुखणं आहे आणि ते वरच्या नाही, खालच्या आरपीएमला होतं. टॉप गिअरमध्ये पंधराशे-दोन हजारावर पूर्ण एक्सिलेटर दाबला की ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं, आणि तो झटका पिस्टन फोडू शकतो. ऑइलमधले काही घटक याला हातभार लावतात, म्हणून एपीआय एसपीमध्ये याची खास चाचणी घातली. तेव्हा टर्बो पेट्रोल गाडी दिसली की एसपी किंवा त्यापुढचं, किंवा कंपनीची मान्यता असलेलं. जुना एसएनचा डबा स्वस्तात पडून आहे म्हणून तिच्यात खपवू नका.

मग "खेचतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय द्यायचं?

मॅन्युअल उघडा. ते नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मिळतं. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, इंजिन आणि साल बघा. एकाच ऑक्टाव्हियात पेट्रोल टर्बोही आली आणि दोन लिटर डिझेलही. दोघींचं ऑइल सारखं असेलच असं नाही.

बऱ्याच मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतात. तुमच्या अकलेला जागा आहे ती इथे. समजा ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही चालतात असं लिहिलंय. गिऱ्हाईक घर ते ऑफिस, जालना रोडच्या सिग्नलवर थांबत जाणारा असेल, तर पातळ द्या, ॲव्हरेज मिळेल. तो दर आठवड्याला समृद्धी महामार्गावर जाणारा असेल तर दाट द्या. समृद्धी २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर, गाड्यांना १२० ची मर्यादा. पूर्वी आपल्या भागात इतका वेळ सलग वेगात गाडी चालवायची सोयच नव्हती. मे महिन्याच्या दुपारी नागपूरकडे तीन-चार तास सलग १२० ला चाललेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाचं ऑइल शहरातल्यापेक्षा नक्कीच जास्त तापतं. पण मॅन्युअलने दिलेल्या यादीच्या बाहेर जायचं नाही. यादीत फक्त ०डब्ल्यू-२० असेल तर ०डब्ल्यू-२०.

आणि मघाशी म्हणालो ना, "खेचतो" या वाक्यावरून दुसरं काहीतरी ठरतं? ते म्हणजे ऑइल बदलायची वेळ. वरच्या आरपीएमला ऑइल लवकर मार खातं. त्याला तापल्यावर दाट ठेवणारी जी लांब साखळीची रसायनं असतात ती तुटतात, उष्णतेने ऑइल काळवंडतं, आणि थोडं जळतं पण. मॅन्युअलमध्ये कडक वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, ते कोणी वाचत नाही. बऱ्याच गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, काही युरोपियन गाड्यांना पंधरा हजार. जो खरंच गाडी खेचतो त्याला मी पाच ते सात हजारावर या म्हणतो. ग्रेड तोच, बदल लवकर. यात इंजिनाचंही भलं आहे आणि तुमच्याकडे तो गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतो. जाड ऑइल टाकून एकदा खूश केलेला गिऱ्हाईक आणि दर सहा महिन्यांनी येणारा गिऱ्हाईक, यातला कोणता हवा ते तुम्ही ठरवा.

डिपस्टिकचं पण सांगतो, कारण हाय-रेव्हिंग गाड्यांत निम्मे घोटाळे इथेच होतात. वर फिरणारं इंजिन थोडं ऑइल खातं. गिऱ्हाइकाला हजार-दीड हजार किलोमीटरला पातळी बघायची सवय लावा. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून. पातळी कमी असेल तर वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, आणि सहा हजार आरपीएमला बेअरिंग कोरडं पडायला क्षण पुरतो. उलट "थोडं जास्तच भरा भाऊ" म्हणणारेही भेटतील. त्यांचं ऐकू नका. पातळी वर गेली की क्रँक ऑइलमध्ये बुडून त्याचा फेस करतो, आणि फेसात हवा असते, वंगण नसतं.

शेवटचं, तापमानाचा काटा. मध्यावर आला म्हणजे पाणी तापलं. ऑइल तापायला त्यानंतर अजून पाच-दहा मिनिटं लागतात. घरातून निघून क्रांती चौकापर्यंत पोचायच्या आत रेडलाईन दाखवणाऱ्या पोराला हे कोणीतरी सांगायला हवं, तुम्हीच सांगा. कुठलंही महाग ऑइल या सवयीवर उपाय नाही.

रीमॅप केलेल्या, टर्बो बदललेल्या गाड्या नव्या गॅरेजवाल्याने हातात घेऊच नयेत असं माझं मत. घेतलीच तर बिलावर स्पष्ट लिहा: ग्रेड गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून.

बाइकवाले येतील तेव्हा

उस्मानपुऱ्यात गाडीपेक्षा बाइक जास्त येणार. आपल्या वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, बाइक हे या शहराचं घरचं वाहन. बाइक गाडीपेक्षाही वर फिरते, पण एक फरक कायम लक्षात ठेवा: बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. गाडीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती क्लचला घसरवतात. उरलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये "ॲडजस्ट" करायचं नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हवं. ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी.

आता तुमच्या गल्ल्याचं

नवीन माणूस दुकान भरलेलं दिसावं म्हणून आठ-दहा प्रकारचे डबे आणतो. समजा गाडीच्या ऑइलचे सहा ग्रेड, प्रत्येकी सहा कॅन, एक कॅन सरासरी दोन हजार. ७२ हजार रुपये रॅकवर झोपले. त्याऐवजी तीन ग्रेड, प्रत्येकी चार कॅन: २४ हजार. उरलेले ४८ हजार तुमच्या भाड्याचे आणि पगाराचे. माझं मत विचाराल तर सुरुवात ०डब्ल्यू-२० एसपी, ५डब्ल्यू-३० एसपी, आणि मर्सिडीज-फोक्सवॅगनची मान्यता असलेलं एक ५डब्ल्यू-४०, एवढ्यावर करा. सोबत बाइकचे दोन. बाकी सगळं आगाऊ पैसे घेऊन मागवा. १०डब्ल्यू-६० मागणारा वर्षात एखादा येईल, त्याच्यासाठी डबा घेऊन बसू नका.

ते ५डब्ल्यू-४० कशाला, असं काही जण म्हणतील. अहो, आपलं शहर आठवा. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या लोकांनी एकाच सौद्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या, देशभर बातमी झाली. अशा गाड्या तीन-चार वर्षं शोरूमला जातात. नंतर त्यांचे मालक, किंवा सेकंडहँड घेणारे, शोरूमचं बिल बघून बाहेरचा भरवशाचा माणूस शोधायला लागतात. तो माणूस डब्यावरची मान्यता वाचता येणारा असेल तर त्याला काम मिळतं. फक्त पार्टिकल फिल्टरवाल्या बीएस-६ डिझेलला हा डबा लावू नका, तिचं कमी राखेचं ऑइल वेगळं असतं.

माल अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच, पक्क्या बिलावर. सुटं ऑइल दुकानात नको. सील, बॅच नंबर, तारीख गिऱ्हाइकाला दाखवून डबा त्याच्यासमोर उघडा, आणि रिकामा झाल्यावर त्याच्यासमोरच कापा. रिकामे डबे भंगारात चांगल्या भावाने जातात ते का, हे कळलं की कापायची लाज वाटणार नाही.

जीएसटी: ऑइलवर १८ टक्के, लेबरवर पण १८. "माल विकतो म्हणून ४० लाखांपर्यंत नोंदणी नको" असं कोणी सांगेल. ती मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना. तुम्ही ऑइल बदलून देता, म्हणजे सेवा आली, म्हणून एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी. एकदा सीएला विचारून घ्या.

जळकं ऑइल गटारात किंवा मोकळ्या प्लॉटवर ओतायचं नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे, २०१६ चे नियम आहेत. झाकणाच्या ड्रममध्ये साठवा, मंडळाची परवानगी असलेल्या रीसायकलरलाच द्या आणि पावती ठेवा.

आणि एक वही करा. गाडी नंबर, इंजिन, साल, मॅन्युअलमधला ग्रेड आणि मान्यता, टाकलेला डबा, किलोमीटर, पुढची तारीख. आमच्या त्या पठ्ठ्याने सिटीवाला परत गेल्यावर पहिलं काम हेच केलं. आता गाडी आली की आधी वही उघडतो, मग बोनेट. तोच सिटीवाला साधारण वर्षाने आला, सोबत मित्राची पोलो घेऊन. पहिला प्रश्न त्याने विचारला, "भाऊ, हिच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?"